चिनाई मेंदी : कमी पाण्यात महिनोन्‌महिने फूल, थंडीत पानांना रंग, लागवडीपासून छाटणीपर्यंतची माहिती

मार्च उजाडला की घरच्या बागेत पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा, बोअर खाली गेलेली, आणि कुंड्या तर रोज पाणी मागतात. अशा घरांसाठी एक जुनं, टिकाऊ फुलझाड आहे, चिनाई मेंदी. एकदा जमिनीत रुजलं की उन्हाळ्यात दहा दिवसांतून एकदा पाणी दिलं तरी भागतं. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत गुलाबी, जांभळे, लाल किंवा पांढरे तुरे येत राहतात. थंडीत पानं पिवळी, केशरी, तांबूस होऊन गळतात. आपल्याकडच्या बागेतल्या फार कमी झुडपांना असा पानगळीचा रंग येतो.

तरीही हे झाड जितकं लावलं जातं तितकं टिकत नाही. कारण रोग नव्हे, गैरसमज. डिसेंबर-जानेवारीत पानं झडून नुसत्या काड्या उरल्या की झाड मेलं असं वाटतं. मग कुणी ते उपटून टाकतं, तर कुणी वाचवण्यासाठी रोज बादलीभर पाणी ओततं. पहिल्या घरी झाड लगेच जातं, दुसऱ्या घरी मुळं कुजून महिन्याभरात. म्हणून चिनाई मेंदी लावणाऱ्याने पाणी कधी द्यायचं यापेक्षा पाणी कधी द्यायचं नाही, हे आधी शिकायला हवं.

नाव अनेक, झाड एक

मराठीत चिनाई मेंदी. ग्वाल्हेर, इंदूरकडे हिंदीत सावनी, कारण तिकडे फुलांचा खरा बहर पावसाळ्यात असतो. नर्सरीत ‘क्रेप मर्टल’ किंवा ‘लॅगरस्ट्रोमिया’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी समजतं. शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया इंडिका. लिनिअसने १७५९ मध्ये हे नाव दिलं. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रॉम त्याला पूर्वेकडच्या वनस्पतींचे नमुने मिळवून देत. त्यांच्या नावावरून हे कुळनाम पडलं.

नावात मेंदी असली तरी याच्या पाल्याने हात रंगत नाहीत. मात्र नातं खरं आहे. हातावरची मेंदी, डाळिंब, डोंगरातली धायटी आणि ही चिनाई मेंदी, सगळी एकाच कुटुंबातली. डाळिंबाचं फूल नीट पाहिलं तर त्याच्याही पाकळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या दिसतात.

याचा थोरला भाऊ तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे, ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यफूल. सह्याद्रीच्या जंगलात पांढरट, गुळगुळीत खोडाचा नाणा दिसतो, तोही याच कुळातला. मात्र ताम्हण हा मोठा वृक्ष आहे आणि त्याला ओढ्या-नदीकाठची ओल आवडते. कमी पाण्याच्या छोट्या अंगणात ताम्हण आणून लावला तर जागा आणि पाणी दोन्ही कमी पडतं. रोप घेताना गल्लत होऊ नये म्हणून एवढं पाहावं : चिनाई मेंदीचं पान लहान, साधारण बोटाच्या दोन पेरांएवढं. ताम्हणाचं पान त्याच्या तिप्पट तरी लांब. चिनाई मेंदीचं फूल तीन-चार सेंटीमीटरचं, ताम्हणाचं त्याच्या जवळजवळ दुप्पट.

चिनाई मेंदीची उंची जातीप्रमाणे कमरेएवढ्या झुडपापासून पंधरा-वीस फुटांच्या छोट्या झाडापर्यंत जाते. जुन्या झाडाची साल पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, चट्टेदार खोड दिसतं. जपानी भाषेत याचं नाव ‘सारुसुबेरी’, म्हणजे ज्यावरून माकडही घसरेल असं. चिनी भाषेत याला शंभर दिवस लाल राहणारं झाड असंही म्हणतात.

पाण्याचा हिशेब

या झाडाची सोय अशी की त्याचं वर्ष आपल्या पावसाच्या वर्षाशी जुळतं. जून ते सप्टेंबर पाऊस पाणी घालतो. ऑक्टोबरात जमिनीत ओल असते. डिसेंबर-जानेवारीत पान नसतं, म्हणजे बाष्प उडण्याची वाटच बंद. राहिला काळ मार्च ते पहिल्या पावसापर्यंतचा. वरून पाणी घालायचे खरे दिवस ते, म्हणजे सुमारे शंभर.

तीन वर्षांचं, जमिनीत रुजलेलं झुडूप असेल तर दहा दिवसांतून एकदा २० लिटर पुरतं. शंभर दिवसांत दहा पाळ्या, म्हणजे २०० लिटर. असं झुडूप सुमारे ४० चौरस फूट जागा झाकतं. तेवढ्याच जागेत लॉन असेल तर उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाचेक लिटर धरून शंभर दिवसांत १,८०० लिटरच्या पुढे पाणी जातं. फरक नऊपटीचा आहे.

मात्र ही सवलत पहिल्या दिवसापासून मिळत नाही. पहिल्या उन्हाळ्यात रोपाची मुळं वरच्या थरातच असतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा पाच-सहा लिटर पाणी द्यावंच लागतं. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दहा लिटर. तिसऱ्या वर्षापासून दहा दिवसांवर आणावं. भारी काळ्या जमिनीत बारा-पंधरा दिवसही चालतं.

पाणी देताना रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा एकदाच भरपूर आणि सावकाश द्यावं. थोड्या थोड्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि मेच्या उन्हात भाजतात. आळं बुंध्याला चिकटून नको, फांद्यांच्या घेराखाली गोल करावं. त्यावर पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा नारळाच्या सोडणांचा तीन बोटं थर द्यावा. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं, भांड्यांचं पाणी नको. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी क्षारयुक्त असतं, ते सतत एकाच झाडाला घालू नये.

जागा आणि माती

पहिली अट ऊन. किमान सहा तास थेट ऊन हवं. आंब्याच्या सावलीत किंवा दोन इमारतींच्या बोळात हे झाड जगतं, पण फुलत नाही. तिथे भुरी हमखास येते आणि पानांनाही रंग चढत नाही.

लागवड पहिल्या दोन-तीन पावसांनंतर करावी. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा जुनं शेणखत किंवा कंपोस्ट आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. कुंपणासाठी दोन रोपांत चार-पाच फूट अंतर, सुटं झुडूप असेल तर सात-आठ फूट.

जमिनीप्रमाणे काळजी बदलते :

खानापूर, चंदगड, गोव्याकडची तांबडी-जांभी माती : पाणी लगेच निचरतं आणि आम्लताही मानवते. मात्र कस कमी असतो, म्हणून कंपोस्ट जास्त घालावं.

बेळगावच्या पूर्वेचा भाग, निपाणी, इंदूर, बडोदा इथली काळी माती : पावसाळ्यात पाणी तुंबतं. सपाट खड्ड्यात न लावता फूटभर उंच वाफा किंवा वरंबा करून लावावं. खड्ड्यात मुरूम मिसळावा.

हैदराबादकडची मुरमाड जमीन : खड्डा मोठा घ्यावा, दोन फुटांचा. मुळांना पहिल्या वर्षी मोकळी जागा मिळाली तर पुढे ती स्वतः वाट काढतात.

रंग कुठे किती चढतो

पानातला हिरवा रंग झाडाने परत घेतला की आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. लाल रंग मात्र नव्याने तयार होतो. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा लागतो. म्हणून एकाच जातीचं रोप सगळीकडे सारखं रंगत नाही.

ग्वाल्हेरला थंडी कडक. तिथे नोव्हेंबरअखेरपासून केशरी-लाल रंग चांगला भरतो आणि झाड पूर्ण बोडकं होतं. इंदूरला पठारावरच्या गार रात्रींमुळे रंग येतो, जरा उशिरा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. इथे डिसेंबरमध्ये पिवळ्या-तांबूस छटा दिसतात, पण सगळं झाड एकदम पेटल्यासारखं लाल होईल अशी अपेक्षा ठेवू नये. हैदराबाद आणि बडोद्यात रंग मध्यम, थंडीच्या लाटेवर अवलंबून. गोव्याच्या किनारपट्टीला रात्री उबदार असल्याने रंग नावापुरताच. तिथे पानं पिवळी पडून तुकड्या-तुकड्याने गळतात. गोव्यातल्या वाचकांनी हे झाड फुलासाठी लावावं, पानासाठी नव्हे.

रोप निवडताना एक ढोबळ नियम उपयोगी पडतो. पांढऱ्या फुलांच्या जातींची पानं बहुधा पिवळी होतात. गुलाबी, लाल, जांभळ्या फुलांच्या जातींत केशरी-लाल छटा जास्त मिळतात.

रंग बिघडवायला दोन गोष्टी पुरेशा आहेत : सप्टेंबरनंतर घातलेला युरिया आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं जादा पाणी. दोन्हींमुळे झाड कोवळी हिरवी फूट काढत बसतं. झोपायची वेळ झालेली असताना त्याला उठवून जेवायला बसवण्यासारखंच ते. उलट टोकही टाळावं. हलक्या जमिनीत परतीचा पाऊस झाला नाही आणि माती अगदी कोरडी पडली, तर पानं रंग न धरताच कडा करपून गळतात. अशा वर्षी ऑक्टोबरात एक-दोन पाळ्या द्याव्यात, मग थांबावं.

पानगळ की मर? नखाची परीक्षा

जानेवारीत काड्या उरलेलं झाड जिवंत आहे की नाही, हे मिनिटभरात कळतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल नखाने हलकी खरवडावी. आत हिरवट, ओलसर दिसलं तर झाड झोपलं आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर त्या फांदीच्या खाली-खाली तपासत जावं. बुंध्याजवळ हिरवं मिळालं तरी झाड जिवंत आहे. वरची वाळकी फांदी काढून टाकावी, खालून नवा फुटवा येतो.

फांदी सहज वाकते का, हीसुद्धा खूण आहे. जिवंत काडी वाकते, मेलेली कट्‌कन मोडते. या काळात जमिनीतल्या झाडाला महिन्यातून एकदा थोडं पाणी पुष्कळ झालं. काळ्या जमिनीत तेही लागत नाही. नवे कोंब साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून दिसतात, ग्वाल्हेरला मार्चमध्ये. मार्च संपेपर्यंत झाड उपटायचा विचार करू नये.

छाटणी : फूल नव्या फुटीवर

चिनाई मेंदीला फूल त्याच वर्षीच्या नव्या फांदीच्या टोकाला येतं. त्यामुळे छाटणी पानगळ झाल्यावर आणि कोंब फुटण्याआधी. बेळगाव, हैदराबादला जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. ग्वाल्हेरला पाल्याची भीती गेल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यानंतर. झोपलेलं झाड शून्याखालची थंडीही सोसतं, पण लवकर छाटल्यामुळे निघालेली कोवळी फूट एका पाल्यात काळी पडते.

आधी वाळक्या, आतल्या बाजूला वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. नंतर पेन्सिलीपेक्षा बारीक टोकं छाटावीत. बुंध्यातून येणारे नको असलेले फुटवे मुळापाशी कापावेत. मनगटाएवढ्या जाड फांद्या दरवर्षी एकाच उंचीवर सपाट तोडू नयेत. तिथे गाठी तयार होतात, त्यातून लांब, लेचीपेची फूट येते आणि पावसात फुलांच्या वजनाने लवते. अमेरिकेत ही सवय इतकी बोकाळली आहे की तिकडचे बागवान तिला ‘क्रेप मर्डर’, म्हणजे झाडाचा खूनच म्हणतात.

पहिला बहर ओसरला की सुकलेले तुरे बिया धरण्याआधी कापावेत. झाड पुन्हा फुटतं आणि पावसाळ्यात दुसरा बहर मिळतो. सप्टेंबरनंतर मात्र कात्री बाजूला ठेवावी.

खत

वर्षातून दोनदा पुरे. छाटणीनंतर झुडपामागे एक-दोन घमेली कंपोस्ट किंवा शेणखत आणि पाऊस सुरू होताना मूठभर निंबोळी पेंड. जास्त नत्र दिलं तर पाला माजतो, फूल कमी होतं आणि मावा वाढतो.

रोग, किडी आणि खोटा पिवळेपणा

भुरी : पानांवर, कळ्यांवर पांढरी पावडर. सावली, दाटी आणि दमट हवा हे कारण. फांद्या विरळ कराव्यात, संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये. वाढली तर पाण्यात विरघळणारं गंधक, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, सकाळी लवकर फवारावं. कडक उन्हात नको.

मावा आणि पिठ्या ढेकूण : कोवळ्या शेंड्यांवर चिकटपणा येतो, मग पानांवर काजळी धरते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावं. न गेल्यास लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा.

पिवळी पानं : डिसेंबरात सगळं पान सारखं पिवळं झालं तर ती पानगळ. पण जून-जुलैत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या किंवा पाणी तुंबणाऱ्या जमिनीत ती दिसते. निचरा सुधारावा, कंपोस्ट वाढवावं आणि कृषी दुकानात मिळणारं चिलेटेड लोह वापरावं.

घरच्या घरी रोपं

नर्सरीत जायलाच हवं असं नाही. छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या घ्याव्यात. खालचा काप डोळ्याच्या खाली तिरका घ्यावा. अर्धी वाळू, अर्धं कंपोस्ट भरलेल्या पिशवीत दोन तृतीयांश काडी पुरावी. सावलीत ठेवून माती फक्त ओलसर राखावी. पावसाळ्यात अर्धवट पक्व फांदीच्या काड्याही रुजतात. पानं आली म्हणजे मुळं आली असं नाही. काडीत साठलेल्या अन्नावर आधी पान फुटतं, मूळ नंतर. म्हणून दोन महिने पिशवी हलवू नये. बियांपासूनही रोप होतं, पण फुलाचा रंग आईसारखाच येईल याची खात्री नाही.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी

बुटकी जात चौदा-सोळा इंची कुंडीत छान फुलते. पण कमी पाण्याचं गणित कुंडीला लागू नाही. मुळांना खाली जायला जागा नसल्याने एप्रिल-मेमध्ये दिवसाआड, तापत्या गच्चीवर रोजही पाणी लागतं. पाणी वाचवणं हाच हेतू असेल तर झाड जमिनीतच लावावं. जमीन नसेल तर एक मोठा ड्रम पाच छोट्या कुंड्यांपेक्षा बरा. पानगळीनंतर कुंडीलाही पाणी कमी करावं, दहा-बारा दिवसांतून एकदा, माती बोटभर कोरडी झाल्यावरच.

साता समुद्रापार

अमेरिकेच्या दक्षिण भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे झाड नवं नाही. टेक्सासने १९९७ मध्ये याला राज्याचं झुडूप म्हणून मान्यता दिली. डॅलस, ह्यूस्टनच्या रस्त्यांकडेला ते सर्रास दिसतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात डोनाल्ड इगॉल्फ यांनी चिनाई मेंदीचा जपानी नातलगाशी संकर करून भुरीला दाद न देणाऱ्या जाती काढल्या आणि त्यांना नॅचेझ, टस्करोरा अशी तिथल्या मूळ आदिवासी जमातींची नावं दिली. आपल्याकडे दमट भागात रोप घेताना भुरीला तोंड देणारी जात आहे का, हे नर्सरीवाल्याला जरूर विचारावं.

वर्षाचं वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारी : पाणी जवळजवळ बंद. नखाची परीक्षा. शेवटी छाटणी, काड्या लावणं, कंपोस्ट.

मार्च ते मे : दहा दिवसांची पाळी, आच्छादन. नवी पालवी, पहिले तुरे.

जून-जुलै : नवी लागवड, निंबोळी पेंड, निचऱ्याकडे लक्ष.

ऑगस्ट-सप्टेंबर : सुकलेले तुरे काढणं, दुसरा बहर. भुरी-मावा तपासणं. खत बंद.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : पाणी कमी करत नेणं. बिया हव्या असतील तर बोंडं तपकिरी झाल्यावर गोळा करणं.

डिसेंबर : पानांचा रंग, मग पानगळ. गळलेली निरोगी पानं झाडाखालीच आच्छादन म्हणून पसरावीत. भुरी लागलेली पानं मात्र उचलून टाकावीत.

एवढं पाळलं तर चिनाई मेंदी वर्षानुवर्षं टिकते. यंदा ज्यांच्या अंगणात तिच्या काड्या उरल्या असतील, त्यांनी कुदळ हाती घेण्याआधी एकदा साल खरवडून पाहावी.